गोळ्यांची डबी आणि कॅलेंडरची पुडी

आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. आडवी रसायनांची नावं, उभी पुन्हा तीच नावं, आणि मधल्या चौकटींत हिरवा नाहीतर लाल रंग. हिरवा असेल तर ते दोन ड्रम शेजारी ठेवायचे, लाल असेल तर ठेवायचे नाहीत. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी एकवीस वर्षं हेच काम करतेय. ट्रक आला की ड्रमवरचं लेबल वाचायचं, तक्ता बघायचा, मग जागा सांगायची. लेबल नसलेला ड्रम मी गेटच्या आत घेत नाही, ड्रायव्हरने कितीही गयावया केली तरी. मला तिथे सगळे जरा टरकूनच असतात. नवा माणूस कामाला लागला की जुने त्याला आधी हेच सांगतात, मॅडमला विचारल्याशिवाय काही हलवू नकोस.

आणि माझ्या सख्ख्या बापाच्या पोटात कशाशेजारी काय जातंय, ते मी बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लोक समजूत घालतात, तुला काय माहीत असणार, तू काय डॉक्टर आहेस का. मी मान हलवते. पण मला माहीत आहे की चूक कुठे झाली आणि कोणाच्या तोंडून झाली.

पप्पा विठ्ठलवाडीला चाळीत एकटे राहायचे. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी बदलापूरला, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, माझ्याकडे या म्हणून सांगून सांगून थकले. पप्पांना चाळ सोडायची नव्हती. मागेच विहार होता, सकाळी तिथे झाडू मारायचा, वंदनेला बसायचं, मग कट्ट्यावर पेपर. पस्तीस वर्षं त्यांनी फॅक्टरीत टर्नरचं काम केलं. लेथपुढे उभं राहून राहून गुडघे कामातून गेले होते. बाकी माणूस खणखणीत. बहात्तराव्या वर्षी आपले कपडे आपण धुवायचे आणि वाळत घालताना शेजारणींना शिकवायचे की शर्ट झटकून कसा टाकायचा.

लहानपणी आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये भाड्याच्या खोलीत होतो. तिथले एक सिंधी डॉक्टर आमच्या घरचे डॉक्टर. मला टायफॉइड झाला तेव्हा ते दिवसातून दोनदा चालत यायचे आणि ताप उतरेपर्यंत पप्पांशी गप्पा मारत बसायचे. खोली सुटली, पण डॉक्टर सुटले नाहीत. आईच्या शेवटच्या आजारातही तेच यायचे. पप्पा त्यांना "साईं" म्हणायचे आणि ते पप्पांना "जय भीम, भाऊ" म्हणायचे. कोण आधी म्हणतो याची दोघांत शर्यत असायची. आता डॉक्टर ऐंशीच्या घरात आहेत. दवाखाना तोच, लाकडी खणांचं कपाट तेच. खणांत पेशंटची जाड कागदाची कार्डं असतात. गोळ्या ते स्वतः मोजून देतात, आणि त्यासाठी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या करतात. पुडीवर कुठेतरी एखादा मोठा लाल नाहीतर काळा आकडा येतो. पप्पांना त्याची गंमत वाटायची. आज मला अठरा तारीख मिळाली, म्हणायचे.

पप्पांना चक्कर येऊ लागली तेव्हा मी त्यांना कॅम्प एकला जाऊ दिलं नाही. रजा टाकली आणि कंपनीजवळच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे अंबरनाथला नेलं. ईसीजी, रक्त, लघवी, सगळं झालं. प्रेशर खूप वाढलेलं होतं. दोन गोळ्या लिहून दिल्या. एक रक्तवाहिन्या सैल करून प्रेशर उतरवणारी, दुसरी लघवीवाटे अंगातलं जादा पाणी काढणारी. दोन्ही कायमच्या, एक दिवसही चुकवायची नाही असं त्यांनी बजावून सांगितलं. "एक दिवसही नाही" हे मी वहीत अधोरेखित करून लिहिलं. असलं काही ऐकलं की माझ्या अंगात उत्साह संचारतो.

परत येताना रिक्षात पप्पा म्हणाले, "हे कागद जरा आपल्या डॉक्टरसाहेबांना दाखवून येतो."

"कशाला?" मी म्हणाले. "इतकी वर्षं तुमचं प्रेशर ते बघतायत, आणि पकडलं दुसऱ्यानेच. त्यांना वाईट वाटेल. तुम्ही सांगूच नका."

एवढंच. शेअर रिक्षात, गुडघ्यावर फाईल घेऊन बोललेली चार वाक्यं. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या मनाची मला तेव्हा फार काळजी होती असं कोणी समजू नये. मला त्यांची लुडबुड नको होती. ते कागद बघणार, मग म्हणणार ही गोळी नको, ती घ्या, आणि माझी सगळी घडी विस्कटणार. पण पप्पांना तसं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. म्हणून मी त्यांच्या जिव्हारी लागेल असं कारण दिलं. कोणाला वाईट वाटेल म्हटलं की पप्पांचं तोंड बंद व्हायचं. एका शिंप्याने त्यांच्या सदऱ्याची एक बाही आखूड शिवली होती. पप्पांनी तो सदरा सहा वर्षं वापरला, बाह्या दुमडून, कारण परत नेला असता तर शिंप्याला लागलं असतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते कारण निवडलं.

मग मी सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी आणली. कप्प्यांवर सोमवार ते रविवार अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. दर रविवारी बदलापूरहून यायचं, मागच्या आठवड्याचे कप्पे रिकामे आहेत का बघायचं, पुढच्या आठवड्याचे भरायचे. पप्पा डबी हातात धरून, झाकणं उघडून दाखवायचे, शाळेत पोरं नखं दाखवतात तसे. एकदाही गोळी राहिलेली सापडली नाही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायची, आमच्या पप्पांची डबी बघा, फॅक्टरीची शिस्त आहे. खरं तर कौतुक माझंच चाललेलं असायचं.

कॅम्प एकला ते जात राहिले. मी विचारलं की म्हणायचे, बसायला जातो. मला ते पटायचं. दोन म्हातारे, एकाची बायको गेलेली, दुसऱ्याची मुलं परदेशात, बसणार नाहीत तर काय करणार. पण एका रविवारी धुवायचा शर्ट उचलला तर खिशात कॅलेंडरची पुडी होती. आत पाच-सहा पिवळट गोळ्या. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, ताकदीच्या असतील, डॉक्टरसाहेब देतात असंच काहीतरी. मी पुडी परत घडी घालून टेबलावर ठेवली.

लेबल नसलेला ड्रम मी गेटवरून परत पाठवते. ती पुडी मी टेबलावर ठेवली आणि भाजी फोडणीला टाकली.

सहा महिन्यांनी अंबरनाथच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेलो. प्रेशर उत्तम होतं. त्यांनी पप्पांना विचारलं, अंगदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या वगैरे घेता का. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. ते बोलायच्या आत मीच बोलले, "नाही डॉक्टर, याव्यतिरिक्त काही नाही, सगळं माझ्या हातून जातं." पप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं कौतुकाने लाजले.

दुसरीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कॅम्प एकचे डॉक्टर पप्पांच्या दंडाला पट्टा बांधायचे आणि खूश होऊन म्हणायचे, भाऊ, तुमचं प्रेशर तर जवान पोराचं आहे. पप्पा हसायचे. गुडघे फार दुखले की डॉक्टर पुडी द्यायचे, दुखलं तरच घ्या म्हणून सांगून. आणि पुडी देण्याआधी विचारायचे, दुसरी काही दवाई चालू आहे का. पप्पा सांगायचे, नाही. जो माझ्याशी आयुष्यात खोटं बोलला नाही, तो माणूस माझ्या एका वाक्यासाठी त्या दवाखान्यात बसून खोटं बोलत होता.

गेल्याच्या गेल्या मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला विहारात नेहमीसारखी खीर होती. खिरीचं काम पप्पांचं. वीस वर्षं ते दुसऱ्या कोणाला पळी लावू देत नव्हते, खाली लागते म्हणायचे. सकाळी सहापासून पांढऱ्या सदऱ्यात पातेल्यासमोर उभे, मग दुपारी तीनपर्यंत वाटपाला उभे. पत्र्याच्या मांडवाखाली मरणाचं ऊन, घामाच्या धारा. मी दुपारी जाऊन वाटीभर खीर खाऊन आले. त्यांना म्हटलं, बसा आता, तर म्हणाले, शेवटची रांग होऊ दे. त्या दिवशी गुडघा उभंच राहू देईना म्हणून त्यांनी पुडीतल्या दोन गोळ्या सकाळी घेतल्या आणि दोन संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी मांडव काढायचा होता, तेव्हा पुन्हा तेच.

बुधवारी मला कामावर पप्पांचा फोन आला. उलट्या आणि जुलाब चालू झाले होते. मी एका हाताने पावती तपासत होते. मीठ-साखरेचं पाणी प्या म्हटलं, खिचडी खा म्हटलं. मग विचारलं, "गोळ्या घेतल्या?"

"घेतली सकाळी, पण उलटीत पडली असेल," पप्पा म्हणाले. "आज राहू देऊ का?"

"राहू द्यायची नाही," मी म्हणाले. "पडली असेल तर परत एक घ्या. एक दिवसही चुकवायची नाही, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

गुरुवारी, शुक्रवारी पण हेच सांगितलं. उलट्या-जुलाबात शरीरातलं पाणी गेलेलं असताना ह्या गोळ्या थांबवून आधी डॉक्टरांना विचारायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे फोन होता, डॉक्टरांचा नंबर होता. विचारायची गरज वाटली नाही, कारण वहीत अधोरेखित केलेलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं पप्पाच मला लहानपणी चिडवायचे.

रविवारी गेले तर दार नुसतं लोटलेलं. पप्पा खाटेवर पडून होते. चेहरा सुजलेला, डोळे अर्धवट मिटलेले. तशातही त्यांनी उशाखालची डबी काढून माझ्यापुढे धरली. सगळे कप्पे रिकामे होते. रविवारचाही रिकामा, कारण उलटीत पडलेल्यांच्या बदल्यात त्यांनी पुढच्या कप्प्यातल्या घेतल्या होत्या. "शाब्बास," मी म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं. मग विचारलं, लघवीला कधी जाऊन आलात. त्यांनी जरा आठवलं आणि म्हणाले, काल सकाळी बहुतेक.

हॉस्पिटलमध्ये रक्ताचा रिपोर्ट आला आणि किडनीचे डॉक्टर स्वतः खाली आले. तरुण होते, शांत बोलणारे. पप्पा काय काय औषधं घेतात विचारलं. मी पर्समधून वही काढली, डबी काढली, दोन्ही गोळ्यांची नावं, मात्रा, वेळ, घडाघडा सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "आणि?"

"आणखी काही नाही."

तेवढ्यात सिस्टरने पप्पांचे काढलेले कपडे माझ्या हातात आणून दिले. सदऱ्याच्या खिशात काहीतरी चुरचुरलं. मी हात घातला आणि पुडी बाहेर काढली. तिच्यावर कुठल्याशा महिन्याचा मोठा लाल सात होता. आत दोनच गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी एक उचलून उलटीपालटी केली आणि म्हणाले, ही दुखण्याची गोळी आहे.

मग त्यांनी मला समजावलं. तुम्ही बदलापूरला राहता ना, म्हणाले, पाण्याच्या टाकीचं तुम्हाला सांगायला नको. किडनी म्हणजे गच्चीवरची टाकी धरा. तिच्यात ठरावीक जोर असेल तरच गाळणी चालते. लघवीच्या गोळीने एकूण पाणीच कमी केलं, वरून ऊन आणि जुलाब. दुखण्याच्या गोळीने टाकीत येणारा नळ बारीक केला. आणि प्रेशरच्या गोळीने टाकीतून जाणारा नळ मोठा सोडला. एकेकटी गोळी वाईट नाही. दोन असत्या तरी कदाचित निभावलं असतं. तिन्ही एकत्र आल्या आणि टाकी कोरडी पडली. त्यात प्रेशरमुळे किडन्या आधीच थोड्या झिजलेल्या असणार.

मला ते लगेच समजलं. इतकं स्पष्ट समजलं की तक्त्यातली ती लाल चौकट मला डोळ्यांसमोर दिसली.

डॉक्टर पप्पांच्या कॉटजवळ गेले आणि मोठ्याने विचारलं, आजोबा, ही गोळी कोणी दिली? पप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या पुडीकडे. "मीच घेतो," ते म्हणाले. "मेडिकलमधून. सुट्या मिळतात. पोरीला माहीत नव्हतं." कॅलेंडरच्या पुड्या करणारं मेडिकल अख्ख्या उल्हासनगरात नाही. मी तिथेच उभी राहून डॉक्टरांना ते तसंच लिहू दिलं.

मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पप्पांना मी बदलापूरला आणलं, आता त्यांना नाही म्हणायची ताकद नव्हती. अशा वेळी किडनी कधी कधी परत चालू होते, डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे वाट बघायची. आम्ही वाट बघत बसलो. मला बाथरूममध्ये एक मापाचं भांडं ठेवायला सांगितलं होतं, लघवी मोजायला. मी रोज मोजून वहीत लिहायची. भांड्याच्या तळाशी अर्धा कप. मग पाऊण. एका आठवड्यात एक कप झाला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मिस्टरांना पेढे आणायला पाठवलं. पुढच्या आठवड्यात परत अर्धा. मग तळ ओला होण्यापुरतं.

पाणीही मोजूनच. दिवसाची एक बाटली मी सकाळी भरून द्यायची, चहा, डाळ, सगळं त्यातूनच वजा. पप्पा ओठांवर ओला रुमाल धरून बसायचे. ज्यांनी आयुष्यभर रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत खीर पोचवली, ते मला विचारायचे, आज अजून दोन घोट होतील का गं? मी बाटलीवरची खूण बघायची आणि नाही म्हणायची. कधी कधी होय म्हणायला हवं होतं. चार घोटांनी काय झालं असतं, असं आता वाटतं.

एकदा डायलिसिसच्या खुर्चीत ते जागे होते, नळ्यांतून रक्त फिरत होतं, आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, पप्पा, त्या दिवशी रिक्षात मी तसं बोलले नसते तर. त्यांनी पुढचं बोलू दिलं नाही.

"गोळी कोणी गिळली? मी का तू?" ते म्हणाले. मग विचारलं, "डॉक्टरसाहेबांना कळलं का?"

"नाही. त्यांना वाटतंय तुम्ही माझ्याकडे राहायला आलात."

"मग नको सांगू. त्यांना लागेल."

जानेवारीत एका सकाळी त्यांना धाप लागली. डायलिसिसचाच दिवस होता. मी चपला घालून रिक्षा बोलवायला खाली गेले, आणि वर आले तोपर्यंत सगळं संपलं होतं. बाटली भरलेली होती, सकाळची, एक घोटही न घेतलेली. विहारातली सगळी माणसं विठ्ठलवाडीहून आली. एक म्हातारे गृहस्थ सारखं म्हणत होते, आता खिरीचं कोण बघणार. मला त्यांचा राग आला, आणि मग कळलं की त्यांना दुसरं काही सुचत नाहीये.

पप्पांनी नको सांगू म्हटलं होतं. ते गेल्यावरही मी तीन आठवडे पाळलं. पण मला रोज एकच दिसायचं. पप्पांसारखंच दुसरं कुणीतरी आज त्या दवाखान्यात बसलंय, घरी पोरीने भरलेली डबी आहे, डॉक्टर विचारतायत दुसरी काही दवाई, आणि तो माणूस नाही म्हणतोय. आणि खरं सांगायचं तर लोकांच्या काळजीपेक्षाही एक गोष्ट मला खात होती. पप्पा दोघांनाही वाचवून गेले, डॉक्टरांना आणि मला. त्यातलं मला वाचवलेलं माझ्याने सहन होत नव्हतं.

कामावरून हाफ डे घेऊन मी कॅम्प एकला गेले. बाजारात नेहमीची गर्दी, दवाखान्यात एकच बाई होती, ती निघून गेली. डॉक्टरांनी मला ओळखलं. "आओ बेटा. भाऊ कुठे आहे? किती महिने दिसला नाही."

मी सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. मग विचारलं, "क्या हुआ था?"

म्हातारपण म्हणता आलं असतं. मी म्हणाले, किडनी. आणि सगळं सांगितलं, अंबरनाथचे डॉक्टर, दोन गोळ्या, पौर्णिमा, जुलाब, पुडी. सांगताना त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. ते उठले, कपाटाचा खण ओढला आणि पप्पांचं कार्ड काढलं. कार्डाला कार्ड टाचून जाडजूड झालेलं. त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं आणि बोट टेकवत खाली नेलं. तारीख, गुडघा, प्रेशर, गोळी. आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी इंग्रजीत तेच, दुसरं औषध, नाही. दुसरं औषध, नाही. दोन वर्षांच्या सगळ्या ओळी तशाच.

"मैं हर बार पूछता था," ते म्हणाले. मला ऐकवत नव्हते, स्वतःलाच सांगत होते.

"तुम्ही विचारत होतात," मी म्हणाले. "मीच त्यांना सांगितलं होतं, तुम्हाला सांगू नका म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल, असं म्हणाले होते मी."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, चष्माच पुसत राहिले.

"वाईट तर वाटलं असतं, बेटा," ते म्हणाले. "दो मिनट. मग मी ही गोळी बंद केली असती."

मी तिथेच बसून रडले. हॉस्पिटलात, घरी, अंत्यविधीला रडले नव्हते इतकं. त्यांनी मला रडू दिलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो ग्लास काठोकाठ भरलेला होता आणि मला तो पिता येईना.

मग त्यांनी चष्मा घातला, कार्ड स्वतःकडे ओढलं आणि शेवटच्या ओळीखाली पेन टेकवलं. "बोल," ते म्हणाले. "कोणत्या गोळ्या चालू होत्या?"

मी पहिल्या गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारून घेतलं. मग दुसरीचं. किती मिलिग्रॅम, कधीपासून, दिवसातून किती वेळा. मला वही काढावी लागली नाही, सगळं पाठ होतं. ते सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहीत होते, पप्पा बाहेर बाकावर बसलेत आणि आत्ता आत येतील असं.

"नाश्त्याच्या आधी की नंतर?" त्यांनी विचारलं.

"नंतर," मी म्हणाले. आणि त्यांनी तेही लिहिलं.